तीनच्या वर्गमूळाचे तीन गुण

रविवारी जेवून जरा आडवी होते. पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि मी दहावी ‘ब’च्या वर्गात उभी आहे. पहिल्या बाकावर तृप्ती वाघचौरे बसलीय. तिला जाऊन चार महिने झाले, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी हजेरी घेते आणि ती “हजर, बाई” म्हणते.

तिचा सहामाहीचा पेपर माझ्या हातात आहे. तीनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करा, गुण तीन. पुस्तकात त्याला अर्धं पान लागतं. तिनं तीन ओळींत उरकलं होतं. मी न वाचताच फुली मारून शून्य दिलं, वर “फार शहाणपणा नको” असंही सुनावलं. आठवड्यातच ती डेंग्यूनं गेली. मग मी त्या ओळी वाचल्या. गाढवापुढे वाचली गीता, आणि गाढव मीच.

“तृप्ती, तुझं बरोबर होतं गं.”

“माहितीये, बाई.”

बाकांच्या जागी आता दवाखान्यातल्या खाटा आहेत. ती एका खाटेवर मांडी घालून बसलीय. माझ्या हातात खडू देते. “एकदा लिहा ना.” मी भिंतीवर लिहू लागते.

“समजा ते अपूर्णांकात आलं,” ती सांगते, “तर वरच्या संख्येचा वर्ग म्हणजे खालच्या संख्येच्या वर्गाची तिप्पट. आता कुठल्याही वर्गात मूळ संख्या जोडीजोडीनंच येतात. पण तिप्पट केली की एक तीन एकटा राहतो. त्याला जोडीदार कुठून आणायचा?”

किती सोपं आहे! मला रडू येतं.

“मग भांडली का नाहीस माझ्याशी?”

“मला वाटलं, तुम्हालाच येत न्हाई. सगळ्यांसमोर कसं बोलायचं?” ती खाली बघते. “आईला सांगितलं, माझंच चुकलं. ती म्हणली, बाईंचं ऐकत जा.”

“तिला अजून तसंच वाटतंय?”

“मी कुठं सांगायला गेले परत?”

जाग येते. साडेतीन वाजलेत. माझ्या घरात खडूचा तुकडासुद्धा नाही, आणि उजव्या हाताची तीन बोटं पांढरी झालीत. मी ती पुसत नाही. वाघचौरेंचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. तिथं जाऊन तिच्या आईला काय म्हणायचं, ते मात्र मला येत नाही.