एक घोट पाणी आणि कदम सर

प्राध्यापकांचे किस्से जमवावे लागत नाहीत. स्टाफरूममध्ये नुसतं बसायचं, आपोआप साठतात. माझ्याकडे तर या दोन वर्षांत एवढे साठलेत की कोणाला सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. कारण एकच : मार्गदर्शक प्रशिक्षण!

झालं असं की, आता पदवीच्या मुलांनीही संशोधन करायचं ठरलं. मुलांना मार्गदर्शक हवेत, आणि मार्गदर्शकांना आधी मार्गदर्शन हवं. आमचं कॉलेज कऱ्हाडच्या अलीकडे, निम्मी मुलं साताऱ्याकडची, निम्मी सांगलीकडची. मी भूगोल शिकवतो. या सगळ्याचा समन्वयक मी कसा झालो? मिटिंगला दहा मिनिटं उशिरा पोहोचलो!

*

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. दहा वाजता सुरुवात. दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार. मॅडमचा सत्कार, प्राचार्यांचा सत्कार, मग कोणीतरी म्हणालं की मार्गदर्शकांचाही व्हायला हवा. आम्ही बावीस जण. बावीस शाली, बावीस नारळ. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सतरावा नारळ चालला होता.

मॅडमनी हळूच विचारलं, "चर्चेसाठी विद्यार्थी बोलावले होते ना? ते कुठे आहेत?"

प्राचार्य अभिमानाने म्हणाले, "आहेत की! नारळ तेच आणून देतायत!"

*

आता कदम सर. वनस्पतिशास्त्र, नोकरीची एकतीस वर्षं. माणूस मनाने चांगला, पण कुणालाही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देणार. वर्गात स्वतः प्रश्न विचारतात आणि स्वतःच सांगून टाकतात. एकदा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कंडक्टरने विचारलं, "कुठं जायचं?" सर म्हणाले, "मलकापूर." तो बिचारा मलकापूरला उतरलाही! त्याला जायचं होतं इस्लामपूरला.

अशा माणसाकडे संशोधनाची मुलं दिली. सरांचा विषय ठरलेला : तुळशीचे औषधी गुणधर्म. येईल त्या प्रत्येकाला तोच. विचारलं तर म्हणायचे, "निष्कर्ष तयार आहेत, मुलांना त्रास कमी!"

*

त्यांच्याकडे अश्विनी आली. जतकडची, मेंढपाळाच्या घरची. आपला प्रश्न घेऊनच आली. "सर, आमच्या माळावर एक झुडूप हाय. मेंढरं ते सकाळी खात्यात, दुपारनंतर तोंड लावत न्हाईत. का, ते शोधायचंय."

"मेंढरांना घड्याळ कळतं का? तुळस घे."

तिने पिशवीतून एक दोरी काढली. तिचे वडील, बिराप्पा, कधी शाळेत गेलेले नाहीत. ज्या दुपारी मेंढरांनी झुडूप नाकारलं त्या दुपारी एक गाठ, असं त्यांनी पोरीसाठी दोन महिने केलं होतं. सरांनी दोरी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "डेटा एक्सेलमध्ये लागतो."

आणि मी समन्वयक तिथेच बसून होतो. तुळशीच्या फॉर्मवर शिक्का मी मारला. शाई नीट उमटली नाही म्हणून पुन्हा मारला. त्या दोन शिक्क्यांची मला आजही लाज वाटते.

*

प्रत्येक मार्गदर्शकाने मुलांशी झालेल्या चर्चेची वही ठेवायची होती. तपासणीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये एवढी शांतता की मला वाटलं कोणीतरी गेलं. सगळे वर्षभराच्या चर्चा लिहीत होते!

एका मॅडमच्या वहीत शिराळ्याच्या मुलाशी दोन तास चर्चा झाली होती, आणि तीही नागपंचमीला. मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी गावात नागांची जत्रा, शिराळ्याचा पोरगा वरून देव आला तरी भेटायचा नाही."

त्या शांतपणे म्हणाल्या, "ऑनलाइन होती."

*

पुण्याच्या मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा शहाण्या होऊन आल्या होत्या. सत्कार नाही. सरळ सराव : समोर विद्यार्थी बसेल, पाच मिनिटं तो बोलेल, मार्गदर्शकाने फक्त ऐकायचं.

फक्त! प्राचार्य पाऊण मिनिट टिकले. बाकीचे त्याच्या आतबाहेर. कदम सरांसमोर अश्विनी होती. तिने "सर" म्हटलं आणि सर म्हणाले, "बरोबर आहे, पण..."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग प्रत्येकापुढे पाण्याचा पेला ठेवला. "एक घोट तोंडात धरा. मुलाचं बोलणं संपलं की गिळा." बालवाडीचा उपाय, पण लागू पडला. बावीस प्राध्यापक गाल फुगवून बसले. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच पोरांचे आवाज ऐकू आले.

कदम सरांचे सात घोट वाया गेले. दर वेळी गिळायचे आणि म्हणायचे, "ऐक!" आठव्या घोटाला मात्र अश्विनीचं बोलणं पुरं झालं. तिचं शेवटचं वाक्य होतं, "तुळसच करायची असंल तर मी प्रकल्प सोडते, सर. पण एकदा माळावर येऊन बघा."

*

सर गेले. तिला खोटं पाडायला गेले, हे त्यांनीच मला सांगितलं. सकाळपासून बिराप्पांच्या मागे मागे हिंडत माळावरच्या प्रत्येक गवताचं शास्त्रीय नाव सांगत होते. शेवटी बिराप्पा म्हणाले, "आवं सर, जरा गप ऱ्हावा. मेंढरं बुजत्यात."

दुपारी एक वाजता पहिल्या मेंढीने झुडूप हुंगलं आणि मान फिरवली. मग दुसरीने. मग सगळ्या कळपाने.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. "तो फॉर्म फाड. नवा दे." एवढंच. वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात छोटं भाषण.

*

संशोधन प्रकल्पांची स्पर्धा सांगलीला होती. अश्विनीची निवड झाली तर चौथ्या वर्षाला तिला हाच प्रश्न पुढे नेता येणार होता. नाही झाली तर विभागाचा ठरलेला विषय, म्हणजे पुन्हा तुळस. पोस्टरशेजारी तिने ती दोरी टांगली होती. बिराप्पा धुतलेलं मुंडासं बांधून भिंतीला टेकून उभे. मी मागच्या रांगेत.

परीक्षकांनी दोरीच्या गाठी मोजल्या, पोस्टरवरच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या. मग विचारलं, "कारण काय याचं?"

"अजून माहीत नाही, सर. तीन शक्यता आहेत. दोन तपासल्या, त्या चुकीच्या निघाल्या."

"माहीत नाही?" परीक्षकांनी चष्मा काढला आणि ते शेजारी उभ्या कदम सरांकडे वळले. "मार्गदर्शक तुम्ही ना? मग तुम्ही सांगा. तुमच्या मते कारण काय?"

मी डोळे मिटले. एकतीस वर्षांत या माणसाने एक प्रश्न वाया जाऊ दिला नव्हता. संपलं सगळं!

पाच सेकंद. दहा सेकंद. मी डोळे उघडले.

सरांच्या एका हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेली. दुसऱ्या हाताचं बोट अश्विनीकडे होतं. आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले.