घासलेट प्यालेली जीप

चाचा कधीच आमच्या पंगतीला बसला नाही. समितीची माणसं गावात गेली की ओसरीवर पानं मांडली जात, आमची भाषणं जेवतानाही चालूच असत, आणि चाचा बाहेर जीपच्या चाकाला पाठ टेकून आपली भाकर खाई. आधी गाडीला पाणी, मग स्वतःच्या घशात. बोलवायला गेलं तर म्हणे, "तिले एकटीले सोडून कसा येऊ? लोक भोंगा वाजवून पाह्यतात." मला वाटायचं, गाडीचं वेड आहे म्हाताऱ्याला. खरं असं की बोलावणाऱ्याच्या आवाजात जोरच नसायचा, आणि ते चाचाला बरोबर ऐकू यायचं.

चांदा जिल्ह्याच्या जंगलात बिनमजुरीची बेगार अजून चालते. ती बंद पाडायला आम्ही समिती काढली. समितीकडे लढाईच्या वेळची एक पेट्रोलची जीप आणि ती चालवायला चाचा. त्याची बायको गेलेली, मूलबाळ नाही, भाऊबंद हैदराबादकडे निघून गेलेले. चांद्यात परकोटाच्या जुन्या तटाआत एक खोली होती. तिथे तो फक्त कपडे बदलायला जाई. दौरा नसला की समितीच्या दाराशी येऊन पुसलेलीच जीप पुन्हा पुसत बसे. "खोलीतल्या भिंती काई बोलत नाईत," तो म्हणे, "इथी निदान इंजिन बोलते."

मी पत्रकं लिहितो म्हणून मला 'पर्चेवाले' म्हणायचा. नवं पत्रक वाचून दाखवलं की शांतपणे ऐके आणि शेवटी विचारी, "यात डायवर कुठी हाय?"

"सर्व श्रमिक म्हटलंय ना चाचा. त्यात तुम्ही आलात."

"म्हंजे मागच्या सीटवर बसवलं म्हण ना!"

त्या हिवाळ्यात गडचिरोलीला आमची मोठी सभा होती. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावाचा म्हातारा गोंड पाटील तिथे उभा राहून बेगारीची हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगणार होता. त्याला आणायला मी आणि चाचा गेलो. सभेच्या आदल्या दिवशी गावात पोचलो तेव्हा चाचाने सीट उचलून खालच्या टाकीत डब्यातलं पेट्रोल ओतलं. गाव भोवती जमलं. पाटलाने विचारलं, "तुझा बैल चारा नाई खात?"

"नाई पाटील," चाचा हसत म्हणाला, "हा डब्यातलंच पेते."

सकाळी निघायच्या आधी पाटील जीपपाशी आला आणि चाचाच्या हाताला धरून म्हणाला, "आत चल. आंबील पी." मला नंतर बोलावलं, चाचाला आधी. चाचाने एकदा जीपकडे पाहिलं आणि मुकाट्याने आत गेला. पाटलाच्या म्हातारीने त्याच्या पुढ्यात पानाचा द्रोण ठेवला आणि तो रिकामा झाला की ती पुन्हा भरी. चाचा "बस माई, बस" म्हणत होता पण द्रोण काही मागे घेत नव्हता. इतका वेळ त्याला कुणाच्या घरात बसलेला मी कधीच पाहिला नव्हता.

निघालो. कोसभर गेलो नसू, इंजिन ठोकायला लागलं, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला, दोन आचके देऊन जीप थांबली. चाचाने सीट उचलली, टाकीचं झाकण काढून नाक लावलं. घासलेट!

"पोटभर पाजलं आम्ही," मागून पाटील म्हणाला. "तू आत आंबील पेत होता, तवर घराघरातून बाया घेऊन आल्या. पाहुण्याचा बैल आमच्या गावातून उपाशी नाई जात."

मी तोंड उघडणार तोच चाचाने माझा दंड आवळला. "हो पाटील," तो म्हणाला, "जरा जास्तच झालं त्याले. पोट हलकं करा लागते."

तो जीपखाली सरपटला आणि टाकीच्या तळाचं बूच खोललं. खाली लावलेला डबा भरला. पाटील म्हणाला, तेल राहू दे, परत नेतो, दिव्याला होईल. त्या गावात घासलेट आणायचं म्हणजे दिवसभराची पायपीट. पण त्यात पेट्रोल मिसळलं होतं. दिव्यात घातलं असतं तर झोपडी पेटली असती. चाचा डबा हातात धरून म्हणाला, "बैलाचं उष्टं हाय हे, पाटील. उष्टं दिव्यात नाई घालत. भडकते." आणि गावाचा सगळा उजेड त्याने माझ्यादेखत दगडांवर ओतला. पाटलाने मान डोलावली. उष्ट्याचं त्याला पटलं होतं.

मग मागे बांधलेल्या डब्यातलं पेट्रोल, नळी फुंकणं, प्लग पुसणं. जीप पुन्हा बोलायला लागेतो ऊन उतरलं. गडचिरोलीला पोचलो तर सतरंज्या झाडून गुंडाळत होते. पाटील रिकाम्या मंडपात जरा वेळ बसला, आणि हकिगत न सांगताच परत गेला.

पुढल्या आठवड्यात मूल या गावी समितीची बैठक झाली. कार्यवाहांनी विचारलं, "पेट्रोलच्या गाडीत घासलेट कोणी घातलं?"

"म्या घातलं," चाचा म्हणाला. "डबा बदलला."

मी उठलो. चाचाने मान न वळवता म्हटलं, "पर्चेवाले, बस खाली."

"वय झालं तुझं," कार्यवाह म्हणाले. "किल्ली ठेव."

म्हाताऱ्या मजुराला रस्त्यावर काढणाऱ्या ठेकेदारांवर याच समितीने पत्रक छापलं होतं. मी ते तिथेच मोठ्याने वाचलं. कार्यवाह म्हणाले, संघटना भावनेवर चालत नाही. मग कशावर चालते, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी चाचावर ओरडलो. "काऊन खोटं बोललात?"

"पाटलाचं नाव घेतलं असतं, तर उद्या साऱ्या चांद्यात हसले असते. गोंडानं मोटरीले घासलेट पाजलं म्हणून. मंग कोण आयकते त्याची बेगार?" तो रुमालाला हात पुसत म्हणाला. "त्याच्या गावाचं नाव कुठी घेऊ नको, आण हाय तुले. माह्यावर हसू दे लोकाईले. माह्या मागं लाजणारं कोण हाय?"

आज हे लिहितो, कारण कार्यवाह अजून प्रत्येक शिबिरात घासलेट घालणाऱ्या म्हाताऱ्या डायवरची गोष्ट सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. माझ्याने आता ते ऐकवत नाही. गावाचं नाव मी दिलेलं नाही. तेवढी चाचाची आण पाळली.

बैठकीच्या त्याच दिवशी मी त्याला चांद्यापर्यंत पोचवायला सरकारी प्रवासी मोटारीत बसलो. जागा मागच्या बाकावर मिळाली. कुणीतरी चालवतंय आणि आपण नुसतं बसायचं, हे त्याला जमेना. हात मांडीवर ठेवी, उचली, पुन्हा ठेवी. डायवर गाडी दामटत होता. वळण आलं की चाचाचा उजवा पाय खालची फळी करकचून दाबी. मी पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पाय बाकाखाली ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

पुढचं वळण आलं. पाय पुन्हा बाहेर आला.