कच्चा टाका

परराष्ट्र खात्याच्या तळघरात झेंडे शिवणारे मास्तर म्हणजे भारी बेरकी माणूस. जगात कुठे उलथापालथ होऊन नवे राज्यकर्ते आले, की त्यांच्या झेंड्यावरचं चिन्ह मास्तर नुसत्या कच्च्या टाक्यानं जोडायचे. "टिकले तर मारू पक्की शिलाई. उगाच उसवत कोण बसणार?" वरचे साहेबलोकही यावर हसायचे.

मग समुद्रापलीकडच्या एका देशात बंड झालं आणि मास्तरांचं हसणंच बंद झालं. त्यांचा एकुलता एक मुलगा तिथे गोदीत क्रेन चालवायचा. बंडवाल्यांनी गोदी ताब्यात घेतली, काम बंद करणाऱ्यांना तुरुंगात टाकलं, त्यात तोही सापडला. मास्तरांनी साहेबांचे पाय धरले. साहेब म्हणाले, "अहो, त्या सरकारला आपण मानतच नाही. बोलणार कुणाशी?"

वर्ष असंच झुरण्यात गेलं. तिकडे शेजारच्या बड्या देशानं बंडवाल्यांशी हातमिळवणी केली, तेलाच्या जहाजांची वाट त्यांच्या मुठीत गेली आणि इकडे आपल्या सरकारचा सूर बघता बघता बदलला. कालचे गुंड आज पाहुणे! तळघरात निरोप आला, त्यांचे मंत्री येताहेत, नवा झेंडा शिवा.

बायको फणकारली, "पोराला कोंडणाऱ्यांचा झेंडा शिवणार तुम्ही? हात तरी कसे धजावतात?"

"अगं, आता मानलंय ना त्यांना! म्हणजे बोलणं होणार. विषय काढतो, असा साहेबांनी शब्द दिलाय."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी नव्या राजवटीचं चिन्ह पक्कं शिवलं. बारीक टीप, तीही दुहेरी. टिका बाबांनो, खुशाल टिका, पण माझं पोर सोडा, असं पुटपुटत शिवलं.

भेट उरकल्यावर साहेब झेंडा घेऊन स्वतः खाली आले. "पाहुणे खूश! झेंड्याचं तर फारच कौतुक केलं. जपून ठेवा, आता नेहमी लागेल."

"आणि माझ्या पोराचं काय?"

साहेब चष्मा पुसत राहिले. "पहिल्याच भेटीत असले विषय काढत नाहीत, मास्तर. तेलाचं कसंबसं जमलंय."

साहेब गेल्यावर मास्तर ब्लेड घेऊन चिन्ह उसवायला बसले. शिलाई काही केल्या सुटेना. मेली शिवली होती ना जीव ओतून!

घरी बायको दारातच उभी होती. "काढला का विषय?"

"झेंडा आवडला त्यांना," मास्तर म्हणाले आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसले.