शेरूचं खानदान

चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो, कारण एकदा कप हातात आला की माझी हिंमत जाईल. फजित्या मी आयुष्यात पुष्कळ करून घेतल्या. पण ही एक अशी आहे की माझी बायकोसुद्धा ती चारचौघांत काढत नाही. आणि माझी बायको चारचौघांत काय काय काढते, ते तुम्हाला ठाऊक आहे!

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. नवी ऑफिसं आली, नवे साहेब आले. मी एका सरकारी ऑफिसात क्लार्क. आमच्या घरासमोरचा बंगला वर्षभर रिकामा पडलेला, त्यात पुण्याहून बदलून आलेले आमचेच साहेब राहायला आले. सोबत बाईसाहेब. आणि रोमी.

रोमी म्हणजे डॉबरमन कुत्री. काळीभोर, चकचकीत, चालायला लागली की वाटावं परेड चालली आहे. तिच्या सात पिढ्यांची नावं लिहिलेला कागद साहेबांनी बैठकीत फ्रेम करून लावला होता. कुत्रीचा! आमच्या घरात आजोबांचा साधा फोटो नाही.

आमच्याकडं शेरू. दोन वर्षांचा. माझ्या मेव्हण्यानं वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलातून ते पिल्लू शर्टात घालून आणलं होतं. अंग तांबडं, तोंड काळं, एक कान उभा, दुसरा पडलेला. जणू एका कानानं ऐकतो आणि दुसऱ्यानं सोडून देतो. जीव मात्र मोठा लावला होता त्यानं.

एके दिवशी सकाळी बाईसाहेब रोमीला घेऊन आमच्या फाटकाशी थांबल्या.

"छान आहे हो तुमचा कुत्रा. कोणती जात?"

आता 'गावठी' म्हणायला किती वेळ लागतो? पण रोमी माझ्याकडं अशी बघत होती, की माझा सर्व्हिस रेकॉर्डच तपासते आहे. मी म्हणालो, "अल्सेशियनचं रक्त आहे त्याच्यात."

"हो का? आईकडून की वडिलांकडून?"

"आईकडून," मी ठोकून दिलं. जसा काही त्या माउलीला मी रोज भाकर टाकत होतो!

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्या दिवसापासून मलाच ते खरं वाटायला लागलं, त्याला काय करावं? शेरू दारात तोंड वर करून बसला की मी म्हणायचो, बघा, ही बसण्याची ऐट अल्सेशियनची. पाण्यात शिरला की म्हणायचो, ह्याचा आजा कुणीतरी लॅब्राडोर असावा. आणि उकिरडा उकरायला लागला, की मी दुसरीकडं बघायचो.

हसू नका. ज्याच्या घरी असं मिसळीचं कुत्रं आहे, त्याला विचारून बघा. कधी ना कधी तो त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारतोच, बाबा रे, तू कुणाचा? एवढी माया करणारा जीव कुठल्या वाटेनं आपल्यापर्यंत आला, हे माणसाला कळावंसं वाटतं. पण माझ्या विचारण्यात खोट होती. मला तो कुणाचा हे जाणून घ्यायचंच नव्हतं. तो कुणीतरी मोठ्याचा निघावा, एवढंच हवं होतं.

मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एका म्हशीच्या मागं उभे होते. मी विचारलं, "डॉक्टर, ह्याच्यात अल्सेशियन किती टक्के असेल?"

डॉक्टरांनी एकवार शेरूकडं आणि एकवार माझ्याकडं बघितलं. "जेवतो का?"

"जेवतो."

"पळतो का?"

"पळतो."

"मंग तकलीफ कोनाला हाय? त्याला का तुमाला?"

घरी आलो तर बायको म्हणाली, "कुत्र्याच्या मायबापाची एवढी चौकशी करून राहिले. सोताच्या मानसांची कधी केली का?"

हे मला लागलं. का लागलं ते सांगतो. माझे वडील, धोंडीबा, मेंढपाळ. आमचं सगळं घराणंच मेंढरांमागं फिरणारं. वडिलांनी कळप विकला, पुसेगावकडं थोडी जमीन घेतली आणि मला हिंगोलीला शिकायला ठेवलं. वडील गेले. त्यांची सख्खी बहीण, माझी सखूआत्या, अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होती. लहानपणी तिच्या घोंगडीत झोपलेलो मी. पण नोकरी लागल्यापासून बारा वर्षांत एकदाही तिच्याकडं गेलो नव्हतो. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचो, "आमची शेतीवाडी आहे पुसेगावकडं." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

असो. इकडं साहेबांनाच शेरूचा छंद लागला. एका शनिवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, फाईल अडकली.

"मारोतराव, तुमच्या शेरूची आई शोधायची का? अल्सेशियन या भागात आलीच कशी, हा प्रश्न आहे. उद्या रविवार. माझी जीप काढू."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "हो साहेब" असं बाहेर पडलं. क्लार्कचं तोंड ते!

रविवारी सकाळी निघालो. साहेब गाडी चालवायला, मी बाजूला, शेरू मागं. वाटेत साहेब म्हणाले, "गंमत बघा मारोतराव. रोमीच्या सात पिढ्या मला पाठ आहेत. पण माझ्या पणजोबांचं नाव विचाराल, तर मला सांगता येणार नाही. तुमचं मूळ कुठलं हो?"

"पुसेगावकडं शेतीवाडी आहे," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

वारंगा फाट्यावर ते हॉटेल सापडलं. मालक भजी तळत होता. त्यानं झारा हातात धरूनच शेरूला न्याहाळलं. मी मनात म्हणत होतो, म्हण, एखादा पंजाबचा ट्रकवाला कुत्री सोडून गेला म्हण!

"अरे, हे तं मेंढरावाल्यांचं पिल्लू! दोन सालाखाली त्यांचा कळप हितून चालला व्हता. हे मागं ऱ्हायलं, लंगडत व्हतं. मीच ठेवून घेतलं. मंग तुमचे पाव्हणे घेऊन गेले."

माझं अल्सेशियन तिथंच कढईत तळून निघालं. पण साहेब खूश! "मेंढपाळांचा कुत्रा? अहो, मग तर भेटलंच पाहिजे. कुठं असतात ते?"

"आता ह्या दिवसांत नरसीच्या अंगाला बसते त्यांचा कळप."

मेंढरावाले म्हटल्यावर मला आत्या आठवली. पण मी स्वतःला समजावलं, मेंढरावाले काय एकच असतात? शंभर कळप फिरतात. जीप उलटी फिरली, हिंगोली ओलांडली, नरसीच्या रस्त्याला लागली. तिथल्या नामदेवाला मी मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं, देवा, कळप सापडू देऊ नको.

सापडला. गावाच्या थोडं अलीकडं, तूर काढलेल्या रानात दोन-अडीचशे मेंढरं बसलेली. बाजूला कापडाचं एक पाल, चूल, बांधलेलं घोडं. जीप थांबली न थांबली, तोच एका बाईची हाक आली, मेंढरांना वळवायची. र्र्र्र हा! र्र्र्र हा!

बारा वर्षं झाली होती, पण ती हाक मी झोपेतही ओळखली असती. सखूआत्या!

साहेब उतरले. मी? मी जीपच्या मागं जाऊन टायर तपासायला लागलो. चांगली हवा असलेला टायर. मनात एकच धास्ती. आता आत्या मला ओळखणार, 'मारोत्या' म्हणून गळ्यात पडणार, अन् साहेबांसमोर माझी शेतीवाडी वाऱ्यावर उडणार.

आणि आत्यानं बघितलं. काठी टाकली, दोन्ही हात पसरले आणि ओरडत पळत सुटली, "आलं का रं माजं लेकरू! आलं का!"

काय सांगू, त्या आवाजानं माझं सगळं अवसान गळालं. साहेब विसरलो, शेतीवाडी विसरलो. डोळे भरून आले. टायर सोडला, पुढं झालो आणि भर रानात वाकून आत्याच्या पायाला हात लावायला गेलो.

आत्या मला वळसा घालून गेली!

सरळ शेरूपाशी. त्याच्या गळ्यात हात घालून खाली बसली, आणि तो तिचं तोंड चाटायला लागला. मी तसाच वाकलेला, हात ढेकळांवर. साहेब माझ्याकडं बघत होते. मी एक ढेकूळ उचललं आणि म्हणालो, "जमीन चांगली आहे."

"मावशी, ओळखता याला?" साहेबांनी विचारलं.

"वळखत न्हाई का? माज्या हातावर झालेलं हाय हे. कान बगा, येवढुसं असताना एडक्यानं पाय देल्ता. ती पाहा त्याची माय." पालाच्या सावलीत एक तांबडी, म्हातारी गावठी कुत्री पडली होती. शेरू तिच्यापाशी गेला. दोघांनी एकमेकांना हुंगलं. मग तो तिच्या शेजारी असा बसला, जसा सकाळीच तिथून उठून गेला होता.

"जात कोणती म्हणायची याची?" साहेब म्हणाले.

आत्या हसली. "मानसं मानसाची जात पुसतेत, ते म्हाईत हाय. आता कुत्र्याची बी पुसाया लागले काहून? राखणीचं कुत्रं हाय साहेब. राखण करते, तीच जात."

"आणि बाप?"

"बापाचं कोन सांगावं? आमी आज हितं, उद्या तितं. ज्या गावाला बसलो त्या गावचा आसंल. पन माय बराबर हाय." मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. "अन् हे कोन साहेब?"

"हे मारोतराव. यांनीच तर सांभाळलं शेरूला."

"लई उपकार झाले साहेब," आत्या म्हणाली. मला! पदर सावरून, मान खाली घालून. "आमचं लेकरू तुमी पोटच्यावानी संभाळलं."

बघा आता. मी सुटलो होतो. तिनं ओळखलं नव्हतं. अंगात सफारी, डोळ्यावर चष्मा, पोट सुटलेलं. गुपचूप जीपमध्ये बसलो असतो तर ना साहेबांना कळलं असतं, ना ऑफिसला. माझा पाय जीपकडं वळलासुद्धा.

पण तिनं मला 'साहेब' म्हटलं होतं. ज्या बाईच्या घोंगडीत मी झोपलो, ती माझ्यापुढं मान खाली घालून उभी होती. असं वाटलं, की मी आता गाडीत बसलो तर परत कुणाला विचारायचं तोंड राहणार नाही, की बाबा तू कुणाचा.

"आत्या," मी म्हणालो. "आत्या, मी मारोती. धोंडीबाचा मारोती."

साहेबांनी चष्मा काढला. आत्या जवळ आली. राठ हातानं माझी हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडं फिरवला, इकडून बघितला, तिकडून बघितला. माझा चष्मा काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो मुकाट्यानं धरला. मग बोटानं माझं नाक चाचपलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज असा खणखणीत, की अर्धा कळप उठून उभा राहिला.

"नाक तेवढं आमच्या धोंडीबाचं हाय," आत्या साहेबांना म्हणाली. "बाकी समदी जर्सी झाली!"