बीट समजून फेकलेला डायपर

"इंटससेप्शन," सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकतो, शर्टाची बाही आत ओढली जावी तसा. माझा ईशान सात महिन्यांचा होता. एव्हाना त्याने रडणंही सोडलं होतं.

आम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहतो. आदल्या दिवसापासून तो पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, मग थोडा वेळ गप्प, पुन्हा तेच. ओकलाही. गॅस असेल म्हणून मी बेंबीभोवती हिंग लावला. "हे सरी दिसत नाही गं, ठीक नाही हे, डॉक्टरांकडे जा," शेजारच्या कानडी अक्का म्हणाल्या. त्या आईसारखं सांगायला लागल्या की मला राग यायचा.

सकाळी डायपरमध्ये लाल, बुळबुळीत शी दिसली. आदल्याच दिवशी त्याला पहिल्यांदा बीट भरवलं होतं. डायपर गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि मीटिंगला बसले. नवऱ्याला, निखिलला, काही सांगितलं नाही. संध्याकाळी पुन्हा लाल दिसलं ते त्याला, आणि आम्ही हॉस्पिटलकडे पळालो.

सर्जन म्हणाले, गुदद्वारातून दिलेल्या हवेच्या दाबाने आतडं सुटू शकतं, ऑपरेशन टळेल. "ब्लड कब से दिख रहा है?"

"आज शाम से," मी म्हणाले. निखिल शेजारीच उभा होता.

मग संमतीच्या कागदावर सही घेताना त्यांनी धोका समजावला. फार वेळ गेला असेल तर आतडं कमजोर होतं, हवेने फाटू शकतं. मी पेन खाली ठेवलं.

"सुबह से," मी म्हणाले. "मुझे लगा बीट है."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. सर्जननी ईशानचं पोट पुन्हा तपासलं, एक्स-रे काढला आणि त्याला थेट ऑपरेशनला नेलं. काळा पडलेला आतड्याचा तुकडा कापावा लागला. हवा दिली असती तर फाटलंच असतं, असं ते नंतर म्हणाले.

ईशान वाचला. पाचव्या दिवशी दूध प्यायला. त्या सर्जनचे आणि नर्सचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना वेळ खरी सांगा. लाज नंतर वाटून घ्या.

निखिल मला एका शब्दानेही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आता ईशान रडला की तो माझ्याआधी उठतो, त्याला उचलतो आणि दुसऱ्या खोलीत घेऊन जातो.