आतोबांचं कडं

सारं जग देवळात देवाच्या दर्शनाला जातं. माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शंख मोजायला जायचे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर सरकारी शंखखात्यात त्यांची हयात गेली. पाणबुड्यांनी काढलेला प्रत्येक शंख बांगडीएवढ्या पितळी कड्यातून घालून पाहायचा. आरपार निघाला तर पोर समजून समुद्रात परत टाकायचा. निवृत्त होऊन ते केडगावला आले, पण कडं खिशातच राहिलं. बाजारात पेरू, बटाटे, सगळं त्यातून जायचं. "हा अजून लहान आहे," म्हणत पेरू परत ठेवायला लागले की बागवान हात जोडायचा, "बाबा, ह्यो दर्या न्हाई, टोपली हाय!" लिंबू तर त्या घरात कधी आलंच नाही. आत्या म्हणायची, "बायकोला पाटल्या करायच्या सोडून स्वतःच कडं घेऊन हिंडतात!"

कुणाच्या देवघरात बारका शंख दिसला, की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. "वाढायला वर्षं लागतात रे याला. अंडी घालण्याआधीच उचलला, तर पुढचा येणार कुठून? पूर्वी एका बुडीत ओंजळभर यायचे. मी निघालो तेव्हा माणूस रिकाम्या हातानं वर यायचा, आणि व्यापारी म्हणायचा, बारकेही आण." मी तेव्हा पत्रकं लिहून जग बदलत होतो. इथं माणसं तहानलेली आणि यांना गोगलगाईंची काळजी, असं मला वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाण्यासाठी कचेरीवर मोर्चा ठरवला. मी पत्रकात ठळक छापलं, "प्रत्येकाने कचेरीपुढे शंखध्वनी करावा!" दुसऱ्याच दिवशी आतोबा धापा टाकत आले. हातात एक शंख.

"पूजेच्या सामानाच्या दुकानदारानं हा नमुना मागवलाय. असले पोतंभर आणणार आहे. तुझ्या मोर्चासाठी!"

"आतोबा, शंखध्वनी म्हणजे बोंब हो! शिमग्यातली!"

"मला ठाऊक आहे. त्याला सांग." त्यांनी शंख कड्यात सोडला, तो सुळकन खाली पडला. "दुष्काळात बियाणं दळून खाणाऱ्याला तू नावं ठेवतोस. मग हे काय? जन्मभर परत टाकत आलो, आणि आता घरच्याच पत्रकापायी पोतंभर पोरं मरायची?"

'शंखध्वनी' हा शब्द माझा फार लाडका होता.  तरी सगळी दुपार मी उरलेल्या पत्रकांवर तो खोडून लाल शाईनं 'बोंब' लिहीत बसलो. मग दोघं दुकानात गेलो. दुकानदार हिरमुसला. "म्हंजे नुसती बोंबच व्हय? ती तर फुकट हाय!" पोतं रद्द झालं. मोर्चात सगळ्यात मोठी बोंब आतोबांची होती. टँकर उशिरा आला, पण आला.

नमुन्याचा शंख मात्र त्यांच्यापाशीच राहिला. कुणी मुंबईला निघालं की विचारायचे, "समुद्रावर जाणार का? एवढा टाकाल?" लोक हसायचे.

"आतोबा, आत जीव नाही हो त्याच्या," मी एकदा म्हटलं.

"ठाऊक आहे. पण पत्ता तोच ना त्याचा."

गेल्या वर्षी आतोबा गेले. आत्यानं कडं आणि शंख माझ्या हाती दिले. सभेसाठी मुंबईला गेलो, तेव्हा आधी चौपाटी गाठली. पाण्यात उभा राहून शंख एकदा कड्यातून घालून पाहिला. आरपार निघाला.

लहान होता. परत टाकला.