सिस्टरची मान हलली

नवजात बाळांच्या त्या वॉर्डात सगळे कुजबुजत बोलायचे आणि तिथल्याच आयाचं टोपणनाव होतं भोंगाबाई. आवाजच तसा. घरी ती "चहा टाक" म्हणाली की शेजारणीसुद्धा आधण ठेवायच्या. कामावर मात्र ओठ मिटून. मग सगळी हौस डबा खाताना नकलांवर भागवायची. बाळाचा श्वास अडकला की यंत्र कसं केकाटतं, सलाइन संपलं की कसं कुरकुरतं, अगदी हुबेहूब. एकदा तर डॉक्टर तोंडातल्या घासासकट वॉर्डाकडे धावले होते. हसता हसता औषधाच्या खोलीतल्या सिस्टरला ठसकाच लागला.

या सिस्टरचं आणि भोंगाबाईचं मेतकूट जुनं. डबा एकत्र, गुडघेदुखी एकत्र, जावयांच्या उखाळ्यापाखाळ्याही एकत्र.

मग भोंगाबाईच्या लेकीला दिवस भरायच्या फार आधीच मुलगा झाला. एवढासा जीव. वाचला, पण व्हेंटिलेटरवर राहून राहून फुफ्फुसं पार थकली. नळी काढली की निळा पडायचा.

डॉक्टरांनी बाळाला एका नव्या उपचाराच्या अभ्यासात घ्यायचं सुचवलं. त्यांचं वाक्य एका ठरलेल्या किल्लीशिवाय सुरू होत नसे.

"म्हणजे कसं आहे मावशी, नाळेतल्या मूळपेशी, स्टेम सेल्स, बाळाच्या श्वासनळीत सोडायच्या. फुफ्फुसं सावरतील अशी आशा आहे. आशाच हं. म्हणजे कसं आहे, निम्म्या बाळांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते मलाही कळणार नाही."

"मग कळतं कोणाला?"

"सिरिंज भरणाऱ्या सिस्टरला. आणि ती सांगणार नाही."

भोंगाबाई मनातल्या मनात हसली. सिस्टर आणि आपल्याला सांगणार नाही? जावई कुठल्या कुशीवर घोरतो तेसुद्धा सांगते ती.

लेक तयार नव्हती. "पाणीच वाट्याला आलं तर? माझ्या लेकरावर कसले प्रयोग, आई?"

"अगं, तू हो तर म्हण. पुढचं मी बघते."

आईच्या भरवशावर लेक हो म्हणाली.

त्या दिवशी बाळाभोवती पडदा ओढला. आतलं दिसू नये म्हणून सिरिंजलाही पट्टी गुंडाळलेली. डॉक्टर पडद्याबाहेर. काम उरकून सिस्टर रिकामा ट्रे घेऊन निघाली. दाराशी भोंगाबाई डोळे पुसत उभी.

"पेशीच ना गं?"

सिस्टर थांबली. इकडेतिकडे पाहिलं. आणि मान हलवली. खाली, वर. अगदी स्पष्ट.

"खरं औषध मिळालंय," भोंगाबाईने लेकीच्या कानात सांगितलं. ती कानात बोलली म्हणजे गोष्ट किती मोठी ते लेकीला कळलं.

बाळ घरी आलं, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी घेऊन. हळूहळू तीही सुटेल असं वाटायला लागलं. तेवढ्यात साधी सर्दी झाली आणि श्वास घेताना छाती आत ओढली जायला लागली.

"आई, न्यायचं का गं दवाखान्यात?"

"थांब जरा. आत पेशी काम करताहेत. दम धर."

लेकीने दम धरला. बाळाला धरता आला नाही. संध्याकाळी ते पुन्हा व्हेंटिलेटरवर होतं. वाचलं, पण सुटत आलेला ऑक्सिजन परत मागे लागला.

अभ्यास संपल्यावर डॉक्टरांनी एकेका बाळाच्या घरच्यांना बोलावलं. लेकीबरोबर भोंगाबाईही आत गेली.

"म्हणजे कसं आहे, पेशींनी किती फरक पडला ते अजून ठामपणे सांगता येत नाही. तुमच्या बाळाला मात्र मिठाचं पाणी मिळालं होतं."

लेकीने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं. मग बाळाला उचललं, सिलिंडरची पिशवी खांद्याला अडकवली आणि एकटीच निघून गेली.

सिस्टर दोघींचे डबे उघडून वाट पाहत बसली होती.

"तुला ठाऊक होतं," भोंगाबाई म्हणाली.

"सांगायची मनाई होती गं."

"मग नसतं सांगायचं. 'विचारू नकोस' म्हणायचं. चार दिवस फुगून बसले असते, संपलं असतं. मान का हलवलीस?"

"तू रडत होतीस. बघवेना मला."

"त्या मानेवर विसंबून मी पोरीला थांबवलं." भोंगाबाईचा आवाज चढला नाही. सिस्टरने तो इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "बाळ परत नळीवर आलं, तेव्हा तरी बोलायचंस. रोज माझ्याच डब्यात हात घालत होतीस."

"तेव्हा तर बोलायला तोंडच उरलं नव्हतं."

भोंगाबाईने आपल्या डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सिस्टरने हळूच हाक मारली, "ए भोंगाबाई, तो ट्रे दे गं."

इतकी वर्षं यावर उत्तर ठरलेलं: "का? तुझे हात गहाण पडलेत?" सिस्टर ते ऐकायला थोडी हसून थांबलीसुद्धा.

भोंगाबाईने ट्रे उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"घ्या, सिस्टर," ती म्हणाली.